तेरवी, दुपारी ३ ते ६

१. मयत आली बाजाराला

गुरुवारच्या बाजारात वांगी निवडता निवडता हिंमतरावांना कळलं, की आपण वारलो आहोत.

वांगीवाल्या सुभद्राबाईने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे. तराजू धप्पकन पोत्यावर पडला.

"हिंमतराव," ती हात जोडून म्हणाली, "वांगे पाह्यजे तेवढे न्या, पन मले नेऊ नका हो!"

"तुले कुठं नेऊ?"

"जिथून आलात तिथं!"

हिंमतरावांनी तो कागद हिसकावला. त्यावर कांदाभज्याचा अर्धा तुकडा चिकटलेला होता. तो त्यांनी बाजूला केला आणि खाली स्वतःचं नाव वाचलं. चांगलं ठळक होतं. त्याच्या वर लिहिलं होतं, 'दुःखद निधन'.

बीबी गावात हिंमतराव म्हणजे बसस्टँडजवळच्या खोल्यांच्या रांगेचे मालक, दर कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि दर भाषणात चाळीस मिनिटं. कागदावर लिहिलेल्या निधनाच्या तारखेला त्यांनी शाळेत असंच एक भाषण ठोकलं होतं. त्या दिवशी कोणी गेलं असेल तर ते ऐकणारे गेले असतील.

कागद अंबूबाईच्या भज्यांच्या गाडीवरून आले होते. ती भजी रद्दीवर देते. हिंमतराव गाडीवर गेले आणि खाणाऱ्यांच्या हातातून भज्यांसकट एकेक कागद ओढून घेऊ लागले. माणूस स्वतःची मयत गोळा करतोय, हे दृश्य बीबीने पहिल्यांदाच पाहिलं, म्हणून सगळ्यांनी मोबाइलवर नीट पाहिलं.

नऊ कागद झाले. नऊही तेलकट. ते छातीशी धरून हिंमतराव थेट निघाले ते पिंपळपान ऑफसेटकडे. गावात छापखाना एकच. आणि तो होता त्यांच्याच खोलीत.

२. शोकाकुलचा ल

छापखाना कचरूमामांचा. महामाया त्यांची भाची, दहावीतली. शाळा सुटली की ती घरी न जाता इथेच येते, कारण घरी भांडी असतात आणि इथे संगणक. गेल्या चार महिन्यांत तिला संगणकावर पत्रिकेची अक्षरं जुळवता येऊ लागली होती, आणि तेव्हापासून तिला गावातली एकही पाटी सरळ वाचता येत नव्हती. दवाखान्याच्या बोर्डापुढे उभी राहून ती म्हणायची, "अक्षरं किती कोंबलीत! यांनाच श्वास घेता येत नाही, पेशंटला काय येणार?"

याला जबाबदार मामा. त्यांचं एकच सांगणं, "वाचू नको, पाह्य. वाचनारे लय आहेत. पाहनारा कोनी नाही."

तर हिंमतरावांनी नऊ कागद टेबलावर आपटले.

"कचरू, काय करून राह्यला बे हे? कबड्डीच्या पत्रकात माहं नाव त्या कडूबाच्या नावापेक्षा बारीक टाकलं, म्या पट्टी लावून मोजलं, तुले बोललो. त्याचा बदला असा? मारूनच टाकलं?"

"साहेब, हे माहं काम नाही."

"मंग गावात दुसरा छापखाना कोन्ता? रविवारी तेरवी ठेवली नं माही? ठेव. रविवारी संध्याकाळपर्यंत खोली खाली कर. तुह्या मशिनीची पन तेरवी होऊन जाईन."

मामा खुर्चीवर बसले. सव्वीस वर्षं ते या खोलीत होते. कोपऱ्यातलं ऑफसेट मशीन इतकं अवाढव्य, की ते आत आल्यावर दरवाजा बांधला होता. ते बाहेर काढायचं म्हणजे भिंत पाडायची, किंवा मशीन.

 महामायाचे डोळे मात्र कागदावर होते. आणि एकदम ती ओरडली, "काका, हे आमचं नाहीच! तुमचा ल पाहा!"

"माहा ल?"

"म्हणजे 'शोकाकुल'चा ल. आमच्या संगणकातला ल पाकळीचा आहे, दोन गोल पाकळ्या, मधे देठ. हा पाहा, उजवीकडे उभी दांडी घेऊन उभा आहे, चौकीदारासारखा. आणि शोकाकुलचा श! आमचा श देठाचा, याला गाठ मारलीय. असे ल आणि श मोबाइलवर टाइप केलं की येतात. आमच्याकडे हा टाइपच नाही."

हिंमतरावांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"पोरी, ल म्हनजे ल. दांडीचा असो का पाकळीचा, मी तं दोन्हीत मेलोच नं!"

"मला रविवारपर्यंत वेळ द्या. कोणी छापलं ते मी शोधते."

"अन् नाही सापडलं तं?"

"तर भिंत पाडायला मी स्वतः येते," महामाया म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिला आठवलं की सोमवारी गणिताची चाचणी आहे.

हिंमतराव गेले. तिने नऊ कागद पुसून टेबलावर मांडले. सगळे वहीच्या अर्ध्या पानाएवढे. तीन कडा सरळ आणि एक कड कात्रीने कापलेली, नागमोडी. तिने दोन कागदांच्या नागमोडी कडा एकमेकींना लावून पाहिल्या. बसल्या! म्हणजे एका मोठ्या पानावर दोन-दोन छापून मधून कापले होते. एक जोडी. दुसरी. तिसरी. चौथी.

नववा कागद एकटाच उरला. त्याची कड कोणालाच लागेना.

"मामा, पाच पानं छापली, म्हणजे कागद दहा. आपल्याकडे नऊ." तिने मामांकडे पाहिलं. "दहावा कोणाकडे आहे?"

३. श्रद्धांजली तयार आहे

पहिला संशय कडूबावर. संशय महामायाचा एकटीचा नव्हता, गावातल्या शेंबड्या पोरांचाही त्याच्यावरच होता. दर निवडणुकीत तो हिंमतरावांसमोर उभा राहतो आणि दर वेळी पडतो. शिवाय त्याचं झेरॉक्सचं दुकान.

शुक्रवारी शाळा सुटताच ती तिथे पोचली, तर दुकानावर आठ फुटी बॅनर. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये हात जोडलेला कडूबा, तीन फूट. आणि कोपऱ्यात, शोधलं तर सापडतील असे, पासपोर्ट साइजचे हिंमतराव.

"काका, ते जिवंत आहेत!"

"हाव, ऐकलं मी," कडूबा दुःखाने म्हणाला. "पन बॅनर तं बनून आला. आता ठेवतो गुंडाळून. खराब थोडीच होते."

"तो कागद तुम्ही छापला का?"

"मी?" कडूबा चिडला. "तू शहाणी म्हनून ऐकलं होतं. माह्या हातचा असता तं त्याच्यावर माहा फोटो नसता का?"

याला तोड नव्हती. तरी तिने स्वतःच्या वहीचं एक पान झेरॉक्स करून मागितलं. पानाच्या डाव्या कडेला वरून खालपर्यंत एक काळी रेघ आली. "ते मशीनचं हाय," कडूबा म्हणाला, "दोन वर्षं झाले, जातच नाही." नऊ कागदांपैकी एकावरही ती रेघ नव्हती. कडूबा सुटला.

तिथून ती अंबूबाईच्या गाडीवर गेली. अंबूबाईला सगळं माहीत असतं. फक्त ते भज्यांच्या मधे मधे येतं.

"रद्दी कोणाची होती, मावशी?"

"साऱ्या गावाची येते, पोत्यात. मी काय नाव विचारते? मिरची खाशील?" तिने झारा कढईत बुडवला. "मले तं वाईट वाटलं बापा. म्हटलं गुलाबराव आता येईन."

"गुलाबराव कोण?"

"हिंमतरावचा थोरला भाऊ. जळगाव जामोदले राह्यते. अकरा वर्षं झाले, रुसून बसला. हिंमतरावच्या मोठ्या पोरीचं लगन होतं, तवा पत्रिकेत याचं नाव पार खाली टाकलं. थोरल्या भावाचं! मांडवातून जेवल्याबिगर उठला. म्हने, 'आता येईन तं तुह्या तेरवीलेच येईन.' हिंमतरावची बायको पुष्पाबाई, बिचारी रडरड रडली. गुलाबरावनंच तं सांभाळलं होतं तिले नवी नवरी होती तवा." झारा वर आला. "घे, गरम हाय."

महामायाने मिरची घेतली आणि कागदाकडे पाहिलं. सवयच ती. कागद जुन्या वर्तमानपत्राचा होता. भजी खाताना लोक कागद चुरगळतात, मळतात. त्या नऊ कागदांनाही तशा सुरकुत्या होत्या. पण पाकिटात घालायला घालतात तशी मधोमध सरळ घडी? एकावरही नव्हती.

मिरची तिखट निघाली. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते विचाराने.

ज्याने छापलं त्याला हे नऊ कागद कोणाला पाठवायचेच नव्हते. त्याला पाहिजे होता फक्त एक.

४. उलटा धरलेला मृत्यू

शनिवारी सकाळची शाळा. दुपारी महामाया छापखान्यात आली, तर मामा शिशाच्या अक्षरांचे जुने खिळे, शाईचे डबे खोक्यात भरत होते. एकेक डबा हातात घेऊन थोडा वेळ बघायचे आणि मग ठेवायचे.

"मामा, थांबा नं! उद्याचा दिवस आहे."

"भरून ठेवतो, माया. ऐन वेळी घाई नको."

तिला रडू येणार होतं, म्हणून तिने काम काढलं. त्यातल्या त्यात स्वच्छ कागद घेतला आणि पन्नासदा वाचला. 'दुःखद निधन.' खाली ठळक, 'हिंमतराव'. मग अल्पशा आजाराने वगैरे. रविवारी राहत्या घरी तेरवी. वेळ. शोकाकुल, त्याखाली 'गुलाबराव (ज्येष्ठ बंधू)' आणि बारीक अक्षरात 'व समस्त परिवार'.

"काहीच दिसत नाही."

"कारण वाचून राह्यली तू," मामा खोक्यातूनच म्हणाले. "उलटा धर."

तिने कागद डोकं खाली, पाय वर केला. शब्द गेले. उरले नुसते काळे-पांढरे आकार, आणि ते पाहताच तिला फिसकन हसू आलं.

"मामा! तेरवीला कुयऱ्या!"

निधनाच्या कागदाला काळी जाड चौकट असते. यालाही काळी होती, पण ती रेघांची नव्हतीच. नक्षी होती. छोट्या छोट्या कुयऱ्या एकीमागे एक, काळ्या केलेल्या. आणि वरचा भाग रिकामा, चांगली वाटीएवढी गोल जागा. मजकूर तिथून खाली ढकलल्यासारखा. तिथे आधी काहीतरी होतं, कोणीतरी ते पुसलं आणि जागा तशीच राहिली.

"कोणाच्या तरी जुन्या कागदावर टाइप केलंय हे. आपण नाही का, एक पत्रिका झाली की त्याच फाइलवर दुसरी टाकतो? गेल्या वेळी नवरदेवाचं नाव बदललं अन् जुन्या नवरदेवाचं शिक्षण तसंच राहिलं होतं."

"ते नको काढू आता."

तिने कागद पुन्हा सुलटा केला. जुनं काय राहिलं? आणि मग पहिल्यांदा तिने ती ओळ खरंच पाहिली. 'वेळ : दुपारी ३ ते ६.'

"मामा, तेरवीचं जेवण किती वाजता असतं?"

"अकरा, बारा. लय झालं तं एक."

"दुपारी तीन ते सहाला काय असतं?"

मामांच्या हातातला डबा तसाच राहिला. दोघांनी एकदमच भिंतीकडे पाहिलं.

भिंतीवर एक जाड तार होती. छापलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत मामा तिच्यात टोचून ठेवत. लग्नं, बारशी, धम्मदीक्षेचे कार्यक्रम, कबड्डी, सगळं गाव त्या तारेला लटकलेलं होतं. महामाया स्टुलावर चढली. जानेवारीची प्रत सापडली. लाल-हिरवी, वर गोल करंडा, भोवती कुयऱ्या. 'महिला बचत गट, हळदी-कुंकू, वेळ : दुपारी ३ ते ६.'

तिने दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीच्या काचेवर लावले. ऊन आरपार आलं. कुयरीवर कुयरी बसली. वेळेवर वेळ बसली. आणि करंडा बरोबर त्या रिकाम्या जागेत चंद्रासारखा उगवला.

"ही प्रतीक्षानं मोबाइलवर बनवून आणली होती," मामा सावकाश म्हणाले. "आपन फक्त छापली. दांडीचा ल आहे पाह्य."

प्रतीक्षा. हिंमतरावांची धाकटी मुलगी. मेहकरच्या कॉलेजात जाणारी, महामायाला जुनी पुस्तकं देणारी ताई. तिने स्वतःच्या बापाला?

महामायाला ते पटेना. तिने कागदावरची अक्षरं मापायची पट्टी घेतली. कोणत्याही निधनाच्या कागदावर सगळ्यात मोठं नाव मेलेल्या माणसाचं. हिंमतराव, अठ्ठावीस पॉइंट. तिने पट्टी खाली सरकवली. गुलाबराव, अठ्ठावीस!

"ज्याच्यासाठी कागद छापतात त्याचं नाव मोठं करतात," ती पुटपुटली. "हा कागद गावासाठी नव्हताच. तो एकाच माणसासाठी होता. मामा, ती लग्नाची पत्रिका! अकरा वर्षांपूर्वीची!"

ती पुन्हा स्टुलावर. तारेच्या पार आतल्या टोकाला धूळ खात पत्रिका होती. निमंत्रकांत हिंमतराव ठळक. गुलाबराव कुठेच नाहीत. उजव्या रकान्यात नाहीत, डाव्यातही नाहीत. शेवटी ते सापडले. 'माझ्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या बारक्या पोरांच्या चौकटीच्याही खाली, अगदी कडेला, मुंगीएवढ्या अक्षरात.

आणि त्यांच्या नावाला लागूनच, जवळजवळ तेवढ्याच मोठ्या अक्षरात, मुद्रक : पिंपळपान ऑफसेट, बीबी.

"मामा," महामायाने त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे तुम्ही..."

मामांनी चष्मा काढला. "सहा पोरांचे नावं ऐन वेळी वाढली, माया. जागा पुरेना. म्हनून गुलाबरावले वरून उचललं अन् खाली ठेवलं. मले वाटलं, नाव तं आहे नं. जागा बदलली तं काय होते."

बाहेर बसचा हॉर्न वाजला.  महामायाला गुन्हेगार सापडला होता. आणि उद्या तिने सगळं खरं सांगितलं, तर हिंमतरावांना खोली खाली करून घ्यायला खरंखुरं कारण मिळणार होतं.

५. तेरवीला जमलेले

रविवारी तीन वाजता हिंमतरावांच्या अंगणात सगळं बीबी होतं. जिवंत माणसाची तेरवी काही रोज निघत नाही. कडूबा हार घेऊन आला होता. "उपेगी पडन," एवढंच तो म्हणाला. हिंमतराव कडक इस्त्रीच्या कपड्यात, मधोमध खुर्चीवर, जमेल तेवढे जिवंत दिसत बसले होते. पाण्याचा तांब्या घेऊन पुष्पाबाई दारात होत्या. त्यांच्या मागे प्रतीक्षा, नखं खात.

"बोल पोरी," हिंमतराव म्हणाले. "कोनं मारलं मले?"

महामायाने मामांकडे पाहिलं. मामांनी मान हलवली, सांग.

मग ती बोलली. ल सांगितला, कडूबाची काळी रेघ सांगितली, कात्रीच्या कडा सांगितल्या. दोन कागद एकावर एक धरून उन्हाकडे केले, तेव्हा बाया पुढे सरकून आल्या आणि कोणीतरी म्हणालं, "अगं माय, हा तं आपल्या हळदी-कुंकवाचा करंडा!"

"दहावा कागद जळगाव जामोदला गेला," महामाया म्हणाली. "गुलाबराव काका म्हणाले होते नं, येईन तर तेरवीलाच येईन? कोणीतरी त्यांचा शब्द तसाच्या तसा धरला. प्रतीक्षाताईने बनवलं, पण तिला सांगितलं दुसऱ्यानं. या कागदावर साऱ्यांचं दुःख आहे, भावाचं आहे, परिवाराचं आहे. ज्या बाईचा नवरा गेला तिचंच नाव नाही. मेलेल्या माणसाच्या बायकोचं नाव कोणी विसरत नाही, काका. फक्त एकच माणूस ते मुद्दाम गाळेल. जिला आपण विधवा झालो असं छापलेलं पाहवणार नाही."

 पुष्पाबाईंनी तांब्या खाली ठेवला.

"मले एकच पाह्यजे होता," त्या म्हणाल्या. "मेहकरचा दुकानवाला म्हने, पाचाच्या खाली पानं छापत नाही."

"मी बाकीचे नऊ वहीत लपवले होते, आई!" प्रतीक्षा रडत म्हणाली. "वह्या तूच रद्दीत दिल्या!"

"मले काय माहीत त्याच वह्या!"

"पुष्पे," हिंमतरावांचा आवाज चिरकला, "तू मले मारलं?"

"तुम्ही अकरा वर्षं त्याहीले एक फोन नाही केला. मंग काय करू मी? तुम्ही जिवंत असेपर्यंत ते येतच नव्हते!"

 तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला.

उतरला तो डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला, काठी टेकत येणारा म्हातारा. डोळे लालभडक. मान खाली घालून तो अंगणाच्या मध्यापर्यंत आला, मान वर केली, आणि समोर खुर्चीवर मयत बसलेली पाहिली.

"तू मेला होता नं बे?" गुलाबराव म्हणाले.

"नाही, दादा."

"मंग मी काऊन रडलो? मेहकरपर्यंत रागात होतो, का मेला तं मेला, साधा फोन नाही केला. सुलतानपूर आलं अन् मले रडू आलं. पुऱ्या बसनं पाह्यलं. कंडक्टरनं पानी देल्लं मले! अन् तू इथं इस्त्री करून बसला?"

"बस नं दादा," हिंमतराव उठले. खुर्ची रिकामी झाली.

"नाही बसत. पत्रिकेत माहं नाव पोरासोरांच्या खाली टाकलं तू."

"म्या नाही टाकलं!"

"मंग कोनं?"

 मामा पुढे आले. हातात ती धुळकट पत्रिका होती.

"मी टाकलं," कचरूमामा म्हणाले. "जागा पुरली नाही. हिंमतरावाले म्या कच्ची प्रत दाखवली होती, पन त्याहीनं फक्त स्वतःचं नाव पट्टीनं मोजलं अन् सही केली. चूक माही आहे. खोली उद्या खाली करतो."

गुलाबरावांनी पत्रिका घेतली, डोळ्यांजवळ नेली. मग हिंमतरावांकडे पाहिलं.

"तवा पन पट्टी घेऊन फिरत होता तू?"

"...हाव."

गुलाबरावांच्या पोटातून काहीतरी वर आलं. सगळ्यांना वाटलं रडू. ते हसू होतं. म्हातारा काठी धरून इतका हसला की रुमाल सुटला, आणि मग अंगणभर लोक हसले. कडूबाने संधी साधून हार गुलाबरावांच्या गळ्यात घातला आणि फोटो काढून घेतला.

"याची खोली खाली केली," गुलाबराव डोळे पुसत म्हणाले, "तं मी पुन्हा जळगाव जामोदले जातो. अन् आता तं तेरवी पन होऊन गेली तुही. कोन्त्या निमित्तानं येऊ?"

६. पट्टी

सोमवारी गणिताची चाचणी जशी जायची तशी गेली. संध्याकाळी महामाया छापखान्यात आली, तेव्हा शाईचे डबे पुन्हा फळीवर होते आणि टेबलापुढे दोघे भाऊ भांडत होते.

नवं पत्रक छापायचं होतं. हिंमतराव जिवंत असल्याबद्दल गावजेवण. निमंत्रक, दोघे भाऊ.

"माहं नाव डाव्या बाजूले. मी थोरला," गुलाबराव म्हणाले.

"कबूल. पन मंग माहं जरा ठळक. जिवंत मी हाव!"

"दोघं एका ओळीत, एका मापात," महामाया म्हणाली, "आणि आता खिडकीतून बाहेर पाहा. छापून झालं की बोलावते."

मशीन धडधडलं. तिने पहिली प्रत काढली आणि टेबलावर ठेवली. हिंमतरावांनी खिशातून पट्टी काढली. गुलाबरावही शेजारी वाकले. थोरला, अठ्ठावीस. धाकटा, अठ्ठावीस. दोघांनी समाधानाने हुंकार भरला.

मग हिंमतरावांची पट्टी हळूहळू वर सरकली. सगळ्यात वर, जिथे निधनाच्या कागदावर गोल रिकामी जागा होती, तिथे एकच नाव होतं. पाकळीच्या ल ची गरजच नसलेलं, आणि निमंत्रकांच्या दुप्पट उंच. पुष्पाबाई.

दारात पुष्पाबाई डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कागद पाहिला. पदराचं टोक डोळ्यांना लावलं, मग ते खाली घेतलं.

"काय झालं?" त्या म्हणाल्या. "मोजा नं."

हिंमतरावांनी पट्टी खिशात ठेवली.